ऐकणारे शून्य

“पंचेचाळीस बायका! डबे घेऊन, फाटकासमोर, उन्हात! आणि फाटक दोन तास आधीच बंद झालेलं! यांना सांगितलं कसं नाही कोणी?”

मालक ओरडत होता. आमच्या मालकाचा आवाज असा, की तो पेणला शिंकला तर वडखळ नाक्यावर ट्रकवाले ब्रेक मारायचे. त्या दिवशी तर तो रोह्याच्या कचेरीत, दहा बाय बाराच्या खोलीत ओरडत होता. पंखा बंद असूनही भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. खोलीत आम्ही तिघं होतो. मालक, मी, आणि खिडकीशी लाकडी खुर्चीत बसलेले काका. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर तिघांपैकी फक्त मला ठाऊक होतं, आणि मी भिंतीवरच्या पडद्याकडे असा बघत होतो, जणू तो आत्ताच कोणीतरी आणून टांगलाय.

पडदा मीच टांगला होता. त्यामागचा प्रोग्रामही माझाच. आणि मालकाने महिनाभरापूर्वी, याच खोलीत, आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं की एक महिना काका पण काम करतील आणि प्रोग्राम पण करेल. ज्याच्या हातून निरोप चुकेल तो घरी जाईल. आज सव्विसावा दिवस होता.

आधी धंदा सांगतो. मालक रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवायचा आणि स्वतःच्या बसने पोचवायचा. अकरा बस. कंपन्यांचे निरोप पेणच्या कचेरीत यायचे: आज शिफ्ट बदलली, आज पॅकिंगला दहा माणसं जास्त लागतील, आज युनिट बंद. बस आणि चालक सगळे रोह्याला. पेणचा निरोप रोह्याच्या कचेरीत घ्यायचा आणि तिथून चालकांना, गावोगावच्या मुकादमिणींना कळवायचा, हे काम अकरा वर्षं काका करत होते. एक तारेचा फोन पेणशी बोलायला, एक बटणांचा मोबाइल बाकीच्या जगाशी बोलायला. दुसरं काही नाही.

काका पेणच्या खाडीकडच्या गावचे. आधी मिठागरात, मग घरच्या भातशेतीत. एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात आलं आणि राहिलंच. तेव्हापासून ही खुर्ची. वय साठीला आलेलं, दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, हे ते स्वतःच सांगायचे, तेही कुरकुर न करता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

त्यांची कामाची एक तऱ्हा होती, तिने चालकांचा जीव खाल्ला होता. काकांच्या गावात खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून पाणी आत यायला लागलं, की ज्याला दिसेल तो हाक घालतो. पुढच्या बांधावरचा माणूस ‘ओ’ देतो आणि मग तो त्याच्या पुढच्याला हाक घालतो. ओ आल्याखेरीज हाक घालणारा जागचा हलत नाही, पाणी कमरेला लागलं तरी. आणि हाक ऐकून ओ न देणं ही त्या गावात चोरीपेक्षा वाईट गोष्ट. दोघांची कोर्टात केस चालू असली, दहा वर्षं बोलणं बंद असलं, तरी हाकेला ओ द्यायचीच.

काकांनी ही रीत जशीच्या तशी फोनमध्ये घातली होती. निरोप सांगायचा, मग म्हणायचं, “आता बोल, मी काय बोललो ते.” समोरच्याने सगळं परत म्हणायचं, शेवटी ओ द्यायची, तेव्हा फोन खाली. एका चालकाने स्वतःच्या लग्नात, हळद अंगाला लागत असताना, ‘नागोठण्याची बस साडेपाचला’ असं तीनदा म्हणून दाखवलंय. वऱ्हाडाला वाटलं भटजींनी काही नवीन काढलं. सगळे फोन संपायला पाऊण तास लागायचा. अकरा वर्षांत एकही निरोप चुकला नव्हता, पण ते कोणी मोजत नव्हतं. पाऊण तास मात्र मालक मोजत होता.

म्हणून मी. पेणच्या बाजारात एका पापडवाल्याच्या दुकानावर माझी खोली, तिथे मी लोकांना प्रोग्राम लिहून द्यायचो. मालकाला मी सांगितलं की पाऊण तासाचं काम मी पापणी लवायच्या आत बसवतो.

पद्धत सोपी आहे. एक वाहिनी असते. बोलणारा त्या वाहिनीवर एकदा बोलतो, आणि त्या घटकेला जे जे त्या वाहिनीला कान लावून बसलेत त्या सगळ्यांना ते एकदम ऐकू जातं. बोलणाऱ्याला कोण ऐकतंय याची फिकीर नाही, ऐकणाऱ्याला कोण बोललं याची नाही. यासाठी तयार लायब्ररी मिळते, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम, फुकट. पण ती एकाच कॉम्प्युटरच्या पोटात चालते. पेणचा कॉम्प्युटर पेणच्याच पोटात बोलतो आणि स्वतःच ऐकतो. पेणचं रोह्याला ऐकू जायचं तर मध्ये दोघांनाही पोचता येईल असं एक कोठार लागतं. डिस्कवर काही न लिहिता सगळं मेमरीत ठेवणारं, विजेसारखं जलद. लायब्ररी त्या कोठाराला जोडायची, एवढंच माझं काम.

एवढ्याला मी चार दिवस घेतले. कारण कोठाराशी केलेली एक जोडणी एकदा का वाहिनीला कान लावून बसली की ती दुसरं काही करत नाही. बोल म्हटलं तर बोलत नाही, लिही म्हटलं तर लिहीत नाही. मी एकाच जोडणीकडून ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही करून घेत होतो आणि ती माझ्या तोंडावर चुका फेकत होती. शेवटी दोन वेगळ्या जोडण्या केल्या. एक बोलायला, एक निव्वळ ऐकायला. ऐकणारीचं नाव मी प्रोग्राममध्ये ‘काका’ ठेवलं आणि ते मालकाला, चालकांना, खालच्या पापडवाल्याला, सगळ्यांना दाखवलं. लोक हसून हसून जिन्यावरून पडायचे राहिले.

पडदा लावला त्या दिवशी काकांनाही दाखवलं. फोन करून पेणला एकाला बटण दाबायला लावलं, रोह्याच्या पडद्यावर निरोप उमटला, तिथून गेला आणि चालकांचे मोबाइल खिशात एकदम किणकिणले. मालकाने टाळी वाजवली. काका पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघून आले.

“ओ कोण देतो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ओची गरजच नाही, हेच तर याचं वैशिष्ट्य.

“आन् कोन आयकतच नसंल तर?”

मी सांगितलं की बोलल्यावर कोठार एक आकडा परत देतं, किती जणांनी ऐकलं त्याचा.

“तो आकडा बघतो कोन?”

कोणीच बघत नव्हतं. तो आकडा एका फाइलमध्ये जाऊन पडत होता, आणि पेणच्या पडद्यावर काही झालं तरी हिरव्या अक्षरात ‘निरोप गेला’ असं यायचं. पण मी चालकांकडे वळून म्हटलं, काका, आता तुम्ही बांधावर जाऊन बेडकांकडून ओ घ्या. ते हसले. मालक तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. ते पाणी काकांनीच आणून दिलं.

पुढचा प्रकार माझ्याच डोक्यातला. मी रोह्याला गेलो की चालकांना शिकवून ठेवायचो. काका समोर आले की ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. काका म्हणायचे, “क्काय?” आम्ही परत ओठ हलवायचे, जरा चिडल्यासारखे. मग एकदम मोठ्याने, “अहो काका, तीनदा सांगितलं.” आठवडाभर हे केलं. पहिले दोन दिवस ते हसले. तिसऱ्या दिवसापासून फोन डाव्या कानाचा उजव्या कानाला न्यायला लागले. पाचव्या दिवशी चालकांनी सांगितलं की काका जेवणाच्या सुट्टीत कान तपासायला दवाखान्यात गेले. परत आले. एक कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आम्ही त्या दुपारी चहाबरोबर जिलेबी मागवली.

शर्यत म्हणाल तर ती मी जिंकतच होतो, कारण शर्यतीची शिट्टी माझ्या हातात होती. निरोप पेणला माझ्याच टेबलावर यायचा. मी बटण दाबायचं आणि त्याच वेळी तारेच्या फोनवरून काकांना सांगायचं, असं ठरलं होतं. मी बटण दाबायचो, खाली उतरायचो, पापडवाल्याकडून एखादा पापड भाजून घ्यायचो, तो खायचो, वर यायचो, आणि मग काकांना फोन करायचो. वीस मिनिटं. मालकाला रोज दिसायचं की प्रोग्रामचा निरोप पोचला तेव्हा काकांचा पहिला फोनही लागलेला नव्हता. काकांनी एकदाही विचारलं नाही की उशीर का. निरोप ऐकायचे, परत म्हणून दाखवायचे, ओ द्यायचे. रोजच्या रोज, मला.

सव्विसाव्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा निरोप आला. पॅकिंगची दुसरी शिफ्ट तीनऐवजी एकला. बस बाराला सोडा, एकनंतर फाटक बंद. मी बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. खाली उतरलो, पापड खाल्ला. त्या दिवशी पापडवाल्याला गोष्ट सांगत बसलो म्हणून जरा जास्तच वेळ गेला. वर आलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. रोह्याच्या चालकांपैकी एकाचाही उलट निरोप नाही. मी फाइल उघडली.

ऐकणारे: ०.

काय झालं होतं ते मला अर्ध्या मिनिटात कळलं. रोह्याला सकाळी वीज गेली आणि आली. तिथला कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, दोन्ही जोडण्या आपोआप जोडल्या गेल्या. पण जोडली गेलेली जोडणी परत वाहिनीला कान लावून बसत नाही, तिला पुन्हा सांगावं लागतं. आणि ते सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. ‘काका’ नावाची माझी जोडणी रोह्यात जागी होती, धडधाकट होती, आणि कशालाही कान न लावता बसली होती. मी बोललेलं कोठाराने कोणालाही दिलं नाही आणि ठेवलंही नाही. ते गेलं.

तारेचा फोन माझ्या कोपराला लागत होता. पावणेबाराला काकांना सांगितलं असतं, तर त्यांनी फक्त पॅकिंगच्या तीन चालकांना फोन केले असते, मुकादमिणींना केले असते, बायका धावतपळत का होईना एकच्या आत फाटकात शिरल्या असत्या. आणि संध्याकाळी मालकाला कळलं असतं की निरोप प्रोग्रामने चुकवला आणि काकांनी पोचवला.

मी फोनला हात लावला नाही. बटण परत दाबलं. ऐकणारे शून्य. रोह्याच्या कॉम्प्युटरमध्ये इथूनच शिरायचा प्रयत्न केला, पासवर्ड चुकला, परत शिरलो, प्रोग्राम बंद करून चालू केला. तो नीट चालू झाला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मग तर निरोप पाठवण्यातही अर्थ नव्हता. बायका नेहमीच्या वेळी नेहमीच्या बसने गेल्या आणि बंद फाटकासमोर उन्हात उभ्या राहिल्या. मालकाने मला गाडीत घातलं आणि रोह्याला निघाला. नागोठण्यापर्यंत तो ओरडत होता आणि मी मनात वाक्यं रचत होतो. नागोठण्याच्या पुढे ती तयार होती.

तर त्या खोलीत मी आधी प्रोग्रामचं सांगून टाकलं, रोह्याची वीज गेली होती, त्यात प्रोग्रामची काय चूक. मग मालकाने मला विचारलं, काकांना फोन केला होतास का.

“केला होता,” मी म्हटलं. “अकरा वाजताच.”

“नाय केला,” काका म्हणाले.

त्या तारेच्या फोनवर कोणी केला, कोणी नाही, याचा काही माग राहत नव्हता. मी अगदी हळू, मायेने म्हटलं, “काका, तुम्हाला ऐकू आलं नसेल.” दारात दोन चालक उभे होते, त्यांनी माना डोलावल्या. काकांच्या कानांचं आता साऱ्या रोह्याला माहीत होतं.

काकांनी खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि मालकाच्या हातात दिला. दवाखान्याचा होता. मालकाने वाचला. दोन्ही कान ठीक आहेत, असं त्यावर लिहिलं होतं.  मालक माझ्याकडे बघायला लागला.

“यानं सांगितलं असतं तर मी ओ दिली असती,” काका म्हणाले. “अकरा वर्सं देतोय. इचारा याला, दिली का मी ओ.”

त्यांना वाटलं, इथे मी अडेन. कोणीही खोटं कुठपर्यंत बोलेल याची त्यांच्या मनात एक हद्द होती, आणि ती त्या एका अक्षराच्या अलीकडे होती.

मालकाने विचारलं, “दिली का रे ओ?”

“दिली,” मी म्हटलं. “नेहमीसारखी, सगळं परत म्हणून दिली. नंतर विसरले असतील.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बांधाला भोक नेमकं कुठे आहे ते शोधताना बघावं तसं बघितलं. मग मालकाच्या हातून कागद परत घेतला, त्याच्या जुन्या घड्यांवर घडी घातली, खिशात ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. मालक म्हणाला, वय झालं त्यांचं. कान चांगले असून काय उपयोग. चालकांपैकी एक जण हळूच ‘ओ’ म्हणाला आणि दुसरा फिसकन हसला. मीही हसलो, न हसलो असतो तर उठून दिसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम दुरुस्त केला. जोडणी तुटून जुळली की आधी वाहिनीला कान लावायचा. आकडा शून्य आला तर पडदा लाल करायचा. आणि प्रत्येक चालकाने निरोप वाचून एक बटण दाबायचं, ते बटण पेणला येईपर्यंत निरोप सुटला असं समजायचंच नाही, दर दोन मिनिटांनी परत पाठवत राहायचं. बटणावर काय लिहायचं, असं मालकाने विचारलं. मी सांगितलं, ‘ओ’ लिहा. मालकाला ते इतकं आवडलं की डोलवीच्या एका ठेकेदाराला त्याने स्वतःची कल्पना म्हणून दाखवलं, आणि तिकडचंही काम मला मिळालं. माझी खोली पापडवाल्याच्या वरून उठून रस्त्याच्या पलीकडे, वातानुकूलित झाली.

काही महिन्यांनी रोह्याच्या कचेरीतल्या कपाटाची किल्ली सापडेना. ती काकांच्याच खिशात गेली होती. मालक म्हणाला, माणूस पाठव. मी म्हटलं, मीच जातो. वाटेत मी पुन्हा वाक्यं रचली, या वेळची वेगळी. पावणेबारा वाजता फोन माझ्या कोपराशी होता, इथपासून सुरुवात करायची आणि ओपर्यंत जायचं, असं ठरवलं. गाडी गावाबाहेर लावली आणि बांधावरून चालायला लागलो. ओहोटी होती, पाणी दूर गेलेलं. काका समोरच्या बांधावर वाकून चिखलाचे गोळे लावत होते. मधे खाजण, खाऱ्या चिखलाचं, शंभर पावलांचं.

मी हाक घातली, “काका हो.”

ते चिखल लावत राहिले. मी दुसऱ्यांदा हाक घातली, हाताचा कर्णा करून. पार पलीकडे, तिसऱ्या बांधावर, डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई थांबली आणि तिने ओ दिली. तिला मी ओळखत नव्हतो, तिने मला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. माझी हाक तिची नव्हती, तरी ओ आली. मी तिसऱ्यांदा घातली, ही तर अलिबागपर्यंत गेली असेल. पाणथळीतले बगळे उडाले. काकांनी एक गोळा उचलला, बांधाला मारला आणि तळव्याने दाबला.

मग मी पँट वर घेऊन चिखलातून गेलो. त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहिलो तेव्हा घोट्यापर्यंत काळा झालो होतो आणि रचलेलं एक वाक्य आठवत नव्हतं. तोंडाला आलं ते एवढंच.

“काका, तीन हाका घातल्या. ऐकू नाही आल्या?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, चिखलाच्या हाताने माझ्या हातात ठेवली आणि पुढचा गोळा उचलायला वाकले.

“पयलीच आयकली व्हती,” ते म्हणाले.